धनुर्वाताची सुई फक्त पोटुशीलाच का?
(कर्जतच्या महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. जखमेतून शिरतात, माणसाकडून माणसाला लागत नाहीत. बहुतेकदा आधी जबडा धरतो, मग अंग धनुष्यासारखं ताठतं. क्वचित जखमेजवळचेच स्नायू आखडतात. मळक्या विळ्याने नाळ कापली, की दोन दिवस नीट पिणारं बाळ दूध ओढायचं थांबतं.

शेजारच्या जामखेडला, १९७० साली सुरू झालेल्या आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात, गावच्याच बाया स्वच्छ बाळंतपण करायला शिकल्या. २०१५ साली देशातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. जंतू मात्र मातीत आहेतच.

आणि ऊसतोडीत कोयता लागलेली बाई? हळद दाबून परत फडात! तिचा जीव काय फक्त बाळापुरता? दहाव्या नि सोळाव्या वर्षी टीडीची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शाळा सुटलेल्या पोरींची नावं मी आशाताईंकडे देणार आहे. तुमच्या वस्तीवरची सांगा.