तांब्याच्या पत्र्यावरील राजकारण

(ग्वाल्हेर येथे सिटी सेंटर भागातील मराठी मंडळींपुढे दिलेले भाषण)

आपल्या माथ्यावरचा हा किल्ला १७८० च्या ऑगस्टात पॉपहॅमने शिड्या लावून शिंद्यांकडून घेतला आणि १७८२ साली जवळच सालबाईस महादजींच्या मध्यस्थीने तह झाला, हे आपणांस मी सांगावयास नको. त्या वेळी कलकत्त्यास गव्हर्नर जनरल होता वॉरन हेस्टिंग्ज. त्याची आणि त्याच्या शत्रूंची लंडनच्या व्यंगचित्रकारांनी जी गत केली, तिच्याविषयी आज बोलतो.

ही चित्रे तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून सुटी छापीत, हाताने रंगवीत आणि दुकानाच्या खिडकीत टांगीत. ज्याच्या खिशात दमडी नाही तोही रस्त्यात उभा राहून प्रधानाची फजिती पाही. छपाईपूर्वी सरकारी परवाना घेण्याचे बंधन तेथे १६९५ सालीच संपले होते.

१७८३ साली फॉक्सने कंपनीचा कारभार नव्या मंडळाकडे सोपविणारे विधेयक आणताच जेम्स सेयर्सने त्याला ‘कार्लो खान’ करून हत्तीवर बसविले. हत्तीचे तोंड मात्र सहकारी लॉर्ड नॉर्थचे! मंत्रिमंडळ पडले ते राजाच्या खप्पामर्जीने. तरी पार्लमेंटातील भाषणांपेक्षा या चित्रांनीच आपला अधिक घात केला, असे फॉक्स म्हणे. पुढे पिट आला आणि सेयर्सला सरकारी जागा मिळाली.

जेम्स गिलरे तर याहून मोठा कलावंत. १७८६ साली त्याने हेस्टिंग्जला उंटावरचा हिंदुस्थानचा तारणहार रंगविले; बर्क, फॉक्स आणि नॉर्थ हे वाटमारे. दोनच वर्षांनी, खटला उभा राहिल्यावर, तोच हेस्टिंग्ज त्याच हाताने लॉर्ड चॅन्सेलर थर्लोच्या खांद्यावर बसविला. थैल्या सांभाळीत तो रक्ताचा समुद्र ओलांडतो आहे आणि समुद्रात हिंदी माणसांची प्रेते तरंगत आहेत. १७९७ पासून गिलरेला पिटच्या पक्षाकडून तनखा सुरू झाला. या हाताला मी निर्भय म्हणेन, स्वतंत्र म्हणणार नाही.

हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला. हत्ती आमचा, मुडदे आमचे. भांडण मात्र सर्वस्वी लंडनचे. तांबे आमच्याकडेही कोरले जात होते. आपल्या मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून पुस्तक छापले गेले. ते भगवद्गीतेचे होते.