कागदाची साक्ष



दिनांक २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘सम्राट कनिष्क’ हे विमान कॅनडातील माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीस येत असता आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक आकाशातच फुटून समुद्रात कोसळले. विमानातील सर्व ३२९ माणसे प्राणास मुकली. त्यांत ऐंशीहून अधिक मुले होती. त्याआधी सुमारे एक तास, जपानमधील नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवावयाच्या सामानात स्फोट होऊन दोन जपानी हमाल ठार झाले होते. स्फोटके असलेल्या दोन्ही बॅगा कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर स्वीकारल्या गेल्या होत्या. ज्यांच्या नावे त्या स्वीकारल्या, ते प्रवासी मात्र विमानात बसलेच नव्हते.

हे कृत्य खलिस्तानवादी अतिरेक्यांच्या एका लहान टोळीचे होते. त्याचा दोष कोणत्याही समाजावर येत नाही. मृतांत शीख कुटुंबेही होती.

स्फोट आपल्या खुणा आपणच नष्ट करतो, असा बॉम्ब बनविणाराचा भरवसा असतो. कनिष्कचे अवशेष तर सुमारे दोन हजार मीटर खोल पाण्याच्या तळाशी गेले होते. परंतु नारिताचा स्फोट जमिनीवर झाला होता. जपानी तपासनीसांनी तेथील बारीक तुकडे चिकाटीने वेचले, जुळविले, आणि बॉम्ब सान्यो कंपनीच्या एका विशिष्ट नमुन्याच्या रेडिओ-ट्यूनरमध्ये बसविला होता, असा निष्कर्ष काढला. तसाच ट्यूनर दिनांक ५ जून १९८५ रोजी कॅनडातील डंकन या लहानशा गावी वूलवर्थच्या दुकानातून विकला गेला होता. खरेदीच्या पावतीवर इंद्रजितसिंग रेयात याचे नाव व दूरध्वनी क्रमांक होता. रेयात हा त्याच गावी मोटारींच्या विजेच्या कामाचा कारागीर होता.

पोलिसांनी त्यास नोव्हेंबर १९८५ मध्येच पकडले होते. तथापि त्या वेळी पुरावा अपुरा पडल्याने किरकोळ गुन्ह्याबद्दल दंड भरून तो सुटला. पुढे तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे जाऊन मोटारींच्या कारखान्यात काम करू लागला. फेब्रुवारी १९८८ मध्ये तेथे त्यास अटक झाली. प्रत्यार्पणाचा वाद जवळजवळ दोन वर्षे चालला आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्यास कॅनडात आणण्यात आले. १९९१ साली न्यायालयाने नारिताच्या दोन मृत्यूंबद्दल त्यास सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली.

कनिष्कचा खटला मात्र याहून अवघड ठरला. २००३ साली रेयातने बॉम्बच्या कामी साहाय्य केल्याची कबुली दिली. तोवर त्याने पंधरा वर्षे कोठडीत व तुरुंगात काढली होती. त्यात आणखी पाच वर्षांची भर पडली. त्यानंतर रिपुदमनसिंग मलिक व अजायबसिंग बागडी यांच्यावरील खटल्यात तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. साहित्य कोणासाठी जमविले, बरोबर कोण होते, या प्रश्नांवर तो आठवत नाही, ठाऊक नाही, असेच सांगत राहिला. मार्च २००५ मध्ये दोन्ही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. रेयातवर मात्र शपथेवर खोटे बोलल्याचा खटला झाला आणि २०११ च्या जानेवारीत त्यास नऊ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये तो अटींवर बाहेर आला. एवढ्या मोठ्या हत्याकांडाबद्दल कॅनडात दोषी ठरलेला तो एकमेव मनुष्य होय.

इतरांवर गुन्हा का शाबीत झाला नाही, याचे एक उत्तर सरकारी दप्तरातच सापडते. स्फोटापूर्वी तीन आठवडे कॅनडाच्या गुप्तवार्ता खात्याची माणसे कटाचा सूत्रधार तलविंदरसिंग परमार याच्या मागावर होती. परमार व रेयात डंकननजीकच्या रानात गेले असता मोठा आवाज त्यांनी ऐकला. तो बंदुकीचा समजून सोडून दिला. छायाचित्र घ्यावयास त्यांच्यापाशी कॅमेराही नव्हता. त्याहून वाईट असे की, परमारच्या दूरध्वनीवरील संभाषणाच्या दीडशेहून अधिक ध्वनिफिती खात्यानेच नित्याचा प्रघात म्हणून पुसून टाकल्या. २०१० साली न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने या चुकांची मालिका उघड केली आणि तेथील पंतप्रधानांनी मृतांच्या आप्तांची जाहीर क्षमा मागितली.

एका दुकानदाराने रीतीप्रमाणे केलेली पावती न्यायालयात उभी राहिली. एका बलाढ्य खात्याच्या ध्वनिफिती उभ्या राहू शकल्या नाहीत. जावकबारनिशी सांभाळणारा कारकून, हजेरीपट लिहिणारा शिक्षक, पंचनाम्यावर सही करणारा गावकरी, यांपैकी कोणासही आपला कागद पुढे कोणत्या कामी येईल, हे त्या दिवशी कळत नसते. म्हणून पंच म्हणून बोलाविल्यास वस्तू डोळ्यांनी पाहूनच सही करावी. साक्षीस गेल्यास पाहिले तेवढेच, पण पाहिले ते सारे सांगावे. बसस्थानकात वा बाजारात बेवारस पिशवी दिसल्यास तीस हात न लावता, इतरांस दूर करून, पोलिसांस तत्काळ वर्दी द्यावी. वेळ, जागा आणि वस्तूचे वर्णन लगेच लिहून ठेवावे आणि तो कागद जपून ठेवावा.