कोळशाचा धागा आणि मोटारीची शोभा

मोटारीचें दार उघडून आंत बसतांच समोरच्या डॅशबोर्डावर, दारांच्या कडांवर आणि गिअरच्या दांड्याभोंवतीं काळी, चकचकीत, चटईच्या विणीसारखी दिसणारी पट्टी हल्लीं पुष्कळ ठिकाणीं आढळते. मोटार कारखान्यांतून बाहेर पडतांना ती तिच्यावर असतेच असें नाहीं. मालक ती मागाहून हौसेनें लावून घेतो. कांहीं जण तेवढ्यावर थांबत नाहींत. मोटारीच्या नाकावर आणि पाठीवर कंपनीचें जें रुपेरी बोधचिन्ह असतें, त्यावरहि ते हीच काळी वीण चढवितात. या द्रव्याला कार्बन फायबर म्हणतात. मराठींत त्याला कोळशाचा धागा म्हणण्यास हरकत नसावी. हा धागा मूळचा कोठला आणि शोभेच्या पंगतींत तो कसा येऊन बसला, हें समजून घेतल्यास ती पट्टी कोठें लावावी आणि कोठें लावूं नये, हें ठरविणें सोपें जातें.

कोळशाचा धागा ही कल्पना तशी जुनीच. विजेच्या दिव्यांत घालण्यासाठीं एडिसननें १८८० च्या सुमारास बांबूचा तंतु भाजून त्याची कार्बनची तार केली होती. ती प्रकाश देई, पण भार सोसण्याचें बळ तिच्या अंगीं नव्हतें. तें बळ १९५८ सालीं दृष्टीस पडलें. अमेरिकेंत क्लीव्हलंड शहराजवळ युनियन कार्बाइड कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉजर बेकन हा शास्त्रज्ञ प्रचंड उष्णता व दाब यांखालीं कार्बनचें काय होतें हें पाहत असतां, त्यास ग्रॅफाइटचे अतिसूक्ष्म तंतु मिळाले आणि ते पोलादापेक्षां कितीतरी बळकट निघाले. पुढें जपानांत अकिओ शिंदो यानें, आणि इंग्लंडांत फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेंत विल्यम वॅट व त्याचे सहकारी यांनीं, कृत्रिम सुतापासून असा धागा काढण्याची व्यवहारांत उतरणारी रीत १९५९ ते १९६४ या वर्षांत बसविली. हें सूत म्हणजे फार दूरची वस्तु नव्हे. ॲक्रिलिकचे जे स्वस्त स्वेटर थंडींत घरोघरीं वापरले जातात, त्याच जातीचें तें आहे.

तें सूत प्रथम हवेंत दोनशें ते तीनशें अंश सेंटिग्रेड उष्णतेवर शेकतात, म्हणजे पुढें तें वितळत नाहीं. नंतर प्राणवायु वगळलेल्या भट्टींत त्यास हजार अंशांच्या पलीकडे नेतात. प्राणवायु नसल्यामुळें त्याची राख होत नाहीं. इतर द्रव्यें उडून जाऊन कार्बन तेवढा मागें राहतो. रानांत कोळसे पाडणारा मनुष्य आपली भट्टी मातीनें लिंपून टाकतो, त्यामागील हेतु हाच. उरलेला तंतु पांच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढा असतो. अशा तीन हजार तंतूंचा एक पेड करून त्या पेडांचें कापड विणतात, तें इपॉक्सी नांवाच्या राळेंत भिजवितात आणि साच्यावर ताणून उष्णता व दाब यांच्या योगानें कठीण करतात. कापड एकटें लुळें, राळ एकटी ठिसूळ. दोहोंचें लग्न लागलें म्हणजे जें द्रव्य तयार होतें तें पाण्याच्या दीडपटीहून थोडेंसेंच जड असतें. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड आणि पोलाद जवळजवळ आठ पट, हें लक्षांत घेतलें म्हणजे विमानें बांधणाऱ्यांना या धाग्याचा मोह कां पडला तें कळतें.

या धाग्याचा एक स्वभाव मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. तो पत्र्यासारखा वांकत नाहीं. मर्यादेबाहेर गेला कीं एकदम तुटतो. रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या आरबी-२११ या विमानी एंजिनाच्या पंख्यास याच द्रव्याचीं पातीं बसविलीं होतीं. १९७० सालीं उडत्या पक्ष्याच्या धडकेची परीक्षा घेतांना तीं टिकलीं नाहींत, आणि शेवटीं टायटेनियम धातूचीं पातीं करावीं लागलीं.

शर्यतीच्या मोटारींत या द्रव्यानें जो लौकिक मिळविला, त्याच्या मुळाशीं १९८१ साल आहे. त्या वर्षीं मॅक्लारेन संघानें जॉन बर्नार्ड याच्या आराखड्याप्रमाणें, चालक जिच्यांत बसतो ती पेटी या द्रव्याची केली. अशी पेटी ठिकऱ्या होऊन उडेल, असें भाकीत करणारे पुष्कळ होते. त्याच वर्षीं इटलींत मॉन्झा येथें जॉन वॉटसन याची ती मोटार भर वेगांत कठड्यावर आदळली; एंजिन तुटून वेगळें पडलें, आणि वॉटसन स्वतःच्या पायांनीं चालत बाहेर आला. मग टीका आपोआप निवाली. १९८७ च्या फेरारी एफ-४० या मोटारींत तर वजन वांचविण्याचा एवढा ध्यास कीं, बाहेरील रंगाचा थर पातळ ठेवल्यामुळें खालची वीण त्यांतून दिसे. आंत गालिचा नाहीं, रेडिओ नाहीं, दार उघडण्यास मूठदेखील नाहीं. मुठीच्या जागीं एक दोरी. धाग्याची वीण तेथें उघडी राहिली ती तिच्यावरचें सारें काढून टाकल्यामुळें.

मौज ही कीं, आज बाजारांत विकली जाणारी सजावट नेमकी याच्या उलट आहे. मूळच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर दुसरा तुकडा चिकटवावयाचा, म्हणजे हलकेपणाच्या खुणेनें मोटार कणभर कां होईना जडच होते. कल्हईला भांड्याच्या आरोग्याचें कारण तरी असतें. या मुलाम्यास डोळ्याचें सुख एवढेंच कारण आहे. तेंहि कारण वाईट नव्हे. घराच्या भिंतीस रंग देतांना कोणी उपयोगाचा हिशेब मांडीत नाहीं.

सजावटीचे प्रकार मुख्यतः तीन. खऱ्या धाग्याची पातळ टोपी. वीण छापलेला किंवा उठावदार ठसा असलेला व्हायनिलचा चिकट कागद. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या पापुद्र्यावरील चित्र वस्तु बुडवून तिच्यावर उतरविणें. खरी वीण ओळखण्यास पारख्या लागत नाहीं. तुकडा उजेडांत हळूहळू फिरवावा. खरे पेड आळीपाळीनें उजळतात आणि काळवंडतात, छापील वीण कोठूनहि सारखीच दिसते. लावतांना खालचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसून तेलकटपणा पुरता घालवावा, कारण डॅशबोर्डास चमक आणणारीं औषधें चिकटपट्टीचा ठाव सोडवितात. कागद गरम हवेनें मऊ करून वळणांवर बसवावा, आणि पातें मोटारीवर न चालवितां कापणी अगोदरच करावी. खऱ्या तुकड्याची कड घांसावयाची असल्यास नाकातोंडावर पट्टी बांधणें आवश्यक आहे. ती धूळ कातडीस खाज आणते आणि श्वासांत जाऊं नये. डॅशबोर्डाच्या माथ्यावर चकचकीत पट्टी नको. तिचें प्रतिबिंब समोरच्या कांचेंत उमटून दुपारच्या उन्हांत रस्ता दिसेनासा होतो.

परंतु खरा प्रश्न बोधचिन्हांचा आहे, आणि तो शोभेचा नाहीं. सुकाणूच्या मध्यभागीं जें चिन्ह असतें त्याच्यामागें हवेची पिशवी घडी करून ठेवलेली असते. धडक बसतांच ती एका सेकंदाच्या सुमारें तिसाव्या भागांत फुगते, आणि तिच्यावर चिकटविलेली कोणतीहि टणक वस्तु चालकाच्या चेहऱ्याकडे फेंकली जाते. अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्यानें २०२३ सालीं अशा शोभेच्या चिन्हांविरुद्ध लोकांस इशारा दिला. खड्यांनीं मढविलेलें चिन्ह उडून एका चालकाचा डोळा गेला होता. कोळशाच्या धाग्याची टोपी खड्यांइतकी भडक नसते, पण तीहि टणकच, आणि तुटली तर तिच्या कडा तीक्ष्ण असतात.

नाकावरच्या चिन्हाची गोष्ट निराळी. आधुनिक मोटारींपैकीं पुष्कळांत पुढील वाहनाचें अंतर मोजणारें रडार त्या चिन्हाच्या पाठीमागें बसविलेलें असतें, आणि म्हणून तें चिन्ह रडारच्या लहरी आरपार जाऊं देणारें केलेलें असतें. कार्बन हा विजेचा वाहक आहे. खऱ्या धाग्याचें आवरण पुढें आलें कीं लहरी तेथूनच परततात. मग ब्रेक आपोआप लावणारी यंत्रणा एक तर बंद असल्याची सूचना देते, किंवा पुढचें वाहन तिला वेळेवर दिसत नाहीं. नुसता छापील कागदहि तेथें नकोच. त्या जागीं कांहीं चिकटवूं नये असें मोटारींबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांतून सांगितलेलें असतें.

पाठीमागच्या झांकणावरील नांव व अक्षरें यांना असा धोका क्वचितच. कांहीं मोटारींत त्याच चिन्हांत मागचा कॅमेरा किंवा झांकणाची कळ असते, तेवढें पाहून घ्यावें. जुनें चिन्ह काढण्यापूर्वी त्याच्या कडेनें कागदी पट्टी लावून जागा आंखून घ्यावी, केंस वाळविण्याच्या यंत्रानें त्यास थोडी ऊब द्यावी आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढावा. स्क्रू-ड्रायव्हरनें उचकटल्यास चिन्ह निघतें खरें, पण त्याबरोबर रंगाचा टवकाहि निघतो.