खेळ हाच बालकाचा अभ्यास

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा सारांश)



बालवर्गाच्या दाराशी पालक हमखास एक प्रश्न विचारतात, ''बाई, आज काय लिहिलं?'' आज मी या प्रश्नाविषयीच बोलणार आहे. कारण एके काळी मीही याच प्रश्नाच्या धाकाने शिकवीत असे.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी चार वर्षांच्या एका मुलाकडून मी 'अ' गिरवून घेत होते. त्याच्या बोटांत बळ नव्हते आणि माझ्याजवळ धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी तो दाराची चौकट धरून रडू लागला, आत येईना. काही दिवसांनी पावसाने भिजलेल्या आवारात तो काडीने नदी आणि पूल काढताना दिसला. अक्षराला लागणारी आडवी, उभी रेघ आणि गोल वळण, सारे त्या चित्रात होते. चूक त्याची नव्हती, माझी होती.

लहान मुलाच्या बोटांचे आणि मनगटाचे स्नायू पुरते भरलेले नसतात. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे यांतून ते तयार होतात, लेखणी त्यानंतरची. भातुकलीत पाच पाहुण्यांना पाच पाने मांडणारी मुलगी संख्येचा पहिला धडा गिरवीत असते. तांब्यातील पाणी उभट पेल्यात आणि पसरट वाटीत ओतणारा मुलगा मापाचा विचार करीत असतो. सागरगोटे आठवून पाहा. एक वर उडवायचा आणि खालचे चार आधी एक-एक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, शेवटी चारही एकदम उचलायचे. चार या संख्येची फोड आपल्या आज्यांनी अशी अंगणात शिकवली.

हा विचार नवा नाही. फ्रोबेलने जर्मनीत १८३७ साली खेळावर आधारलेली बालशाळा काढली. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत उघडले. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी तेथे कुरणशाळाही भरली. मूल असेल तेथे शिक्षणाने जावे, हा या कार्याचा गाभा होय.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणाला मान्यता दिली आहे. धोरण बदलले, घरातील प्रश्न मात्र बदललेला नाही.

खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणे, असा अर्थ कृपया घेऊ नये. कोणते साधन कधी पुढे ठेवावे, कोठे मदत करावी आणि कोठे हात मागे घ्यावा, याला शिक्षिकेची मोठी पूर्वतयारी लागते. कोरी वही हे तिच्या आळसाचे लक्षण समजू नका. पालकांच्या या गैरसमजापोटीच अनेक शिक्षिका मनाविरुद्ध मुलांना गिरवायला बसवतात, हे मी अनुभवाने सांगते.

एवढीच विनंती करून थांबते. आज घरी गेल्यावर ''काय लिहिलंस?'' असे न विचारता ''आज काय खेळलास?'' असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. त्या उत्तरात तुम्हांला गणित, भाषा आणि मैत्री सापडेल. तो चौकट धरून रडणारा मुलगा पुढे स्वतःहून आत आला, तेव्हा त्याच्या मुठीत चिंचोके होते. ते मोजूनच आमचा अभ्यास पुन्हा सुरू झाला.