लिस्बनचं घर, बिसावची गोदी



विषय दिलाय 'परदेशात शिकलेले आफ्रिकी विद्यार्थी'. मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो, उरल्या वेळात कविता लिहितो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. तरी बोलणार. कारण या गोष्टीत जहाजं आहेत, खलाशी आहेत, गोदीत सांडलेलं रक्त आहे. तिच्यावर बोलायचा मक्ता एकट्या प्रोफेसरांचा नाही.

पोर्तुगालनं अंगोला, मोझांबिक, गिनी हे मुलूख शेकडो वर्षं पिळले. विद्यापीठं किती काढली? १९६२ सालापर्यंत एकही नाही! डॉक्टर-इंजिनियर व्हायचं तर बोटीनं लिस्बन गाठा. तेसुद्धा कुणी? काळ्या माणसाला आधी 'सुधारलेला' असल्याचा दाखला काढावा लागे. पोर्तुगीज बोलतो, त्यांच्यासारखा राहतो, हे शाबीत करायचं. १९५० साली अंगोलात असे दाखलेवाले काळे शंभरात एकसुद्धा नव्हते. बाकी सगळे 'नेटिव्ह', त्यांच्या माथी वेठ. हा कायदा गेला १९६१ साली. म्हणजे आपल्या आज्ज्यांच्या हयातीतली गोष्ट आहे.

१९४४ मध्ये सालाझारच्या सरकारच्या आशीर्वादानं लिस्बनमध्ये या पोरांसाठी एक घर निघालं. नाव काय, तर 'साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर'. नाव तरी बघा साल्यांचं! पोरं एका छपराखाली आली की नजरेखाली राहतील, पुढं इमानानं चाकरी करतील, असा हिशेब. गोवा तेव्हा त्यांच्याच ताब्यात, म्हणून तिथल्या पोरांनाही या घरात जागा होती.

हिशेब फसला. अंगोलाच्या पोराला मोझांबिकचा पोरगा भेटला तो मालकाच्या राजधानीत. एका टेबलावर जेवताना दोघांना कळलं की वेठ दोन्हीकडं सारखीच. पोरांनी 'मेन्साजेम' काढलं, म्हणजे 'निरोप'. आपल्यासारखंच छोटं मासिक, कवितांनी भरलेलं. १९५१ मध्ये एका आफ्रिकी कुटुंबाच्या घरात अभ्यासकेंद्र सुरू केलं. कॉलेजात मालकाचा इतिहास, इथं स्वतःचा.

त्यातला एक आगोस्तिन्यो नेतो. कवी, शिकत होता डॉक्टरकी. १९५५ ला आत टाकला, १९५७ ला सुटला, १९५८ ला डॉक्टर झाला, १९७५ ला स्वतंत्र अंगोलाचा राष्ट्राध्यक्ष. हे पुस्तकात सापडतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. १९५४ मध्ये लिस्बनच्या आफ्रिकी खलाश्यांनी क्लब काढला आणि नेतोसारखे विद्यार्थी त्यात जाऊन बसले. बंदी घातलेली पुस्तकं, पत्रकं, चिठ्ठ्या या खलाश्यांनी जहाजातून आफ्रिकेत नेल्या. जहाजाच्या पोटात माल कुठं कुठं दडवता येतो, हे मला विचारा. पोलिसाच्या बापाला सापडत नाही. विद्यार्थ्यांनी लिहिलं खरं, पण ते पोचवलं जहाजावर राबणाऱ्यांनी.

१९६१ ला अंगोलात लढाई पेटली. लिस्बनमध्ये पोलिसांचा फास आवळला. जूनमध्ये साठाच्या आसपास पोरं परीक्षा, डिग्री सगळं टाकून चोरवाटेनं स्पेनमधून फ्रान्सला निसटली. त्यातला शिसानो पुढं मोझांबिकचा राष्ट्राध्यक्ष झाला, पेद्रो पिरेस केप वर्दचा. १९६५ ला गुप्त पोलिसांनी त्या घराला टाळंच ठोकलं.

आता आमिलकार काब्राल. १९४५ ला स्कॉलरशिपवर लिस्बनला आला, शेतीशास्त्र शिकला. सरकारी नोकरी धरून १९५२ ला गिनीत परतला. शेतीच्या गणतीसाठी गावंच्या गावं पालथी घातली. कुणाच्या शेतात काय पिकतं, कोण उपाशी झोपतं, त्याला तोंडपाठ. १९५६ ला बिसावमध्ये गुपचूप पक्ष काढला.

मग ३ ऑगस्ट १९५९. बिसावची पिजिगिती गोदी. गोदीवाल्यांनी आणि नावाड्यांनी मजुरी वाढवून मागितली, संप केला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. पन्नासच्या आसपास माणसं मेली. मागणी काय होती? मजुरी! आमच्या टोळीतला कुठलाही माणूस मुकादमाजवळ महिन्यातून चारदा हेच बोलतो.

काब्राल तेव्हा बिसावात नव्हता. सप्टेंबरमध्ये आला, साथीदारांबरोबर बसला. शहरात संप करून भागणार नाही, खेड्यात जायचं, हत्यार घ्यायचं, असं ठरलं. १९६६ ला हवानात त्यानं सांगितलं की शिकलेल्यानं आपला वर्ग स्वतःच्या हातानं मारावा आणि कष्टकऱ्यांत पुन्हा जन्म घ्यावा. बोलणं लाखातलं. पण माझं एक म्हणणं आहे. शिकलेल्याला निदान निवड होती, मरायचं की साहेब व्हायचं. पिजिगितीवरच्या हमालाला कुणी विचारलं? काब्राल स्वतः बोलल्यासारखा जगला, हे कबूल. २० जानेवारी १९७३ ला कोनाक्रीत त्याला मारलं. स्वतंत्र गिनी-बिसाव त्याला दिसलं नाही.

आज केप वर्दमध्ये विमानतळाला काब्रालचं नाव आहे, लुआंडात विद्यापीठाला नेतोचं. बिसावच्या बंदरावर गोदीवाल्यांसाठी एक मोठी काळी मूठ उभी केलीय. ३ ऑगस्टला तिथं देशभर सुट्टी असते. ती सुट्टी पगारी असते का, एवढं मला तिथल्या गोदीवाल्याला विचारायचंय.