कोलेस्टेरॉलची गोळी आणि तिची संगत
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर न्यायाधीश बोलले, प्राध्यापक बोलले, एके वर्षी कीर्तनही झाले. औषधांच्या दुकानदारास पाचारण करण्याचा प्रसंग मात्र बहुधा पहिलाच. आमची निवड कशासाठी केलीत, असे आम्ही चिटणीसांस विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गेल्या वर्षी पंगत उठल्यावर तुम्ही पाहिलेत ना?" आम्ही पाहिले होते खरे. हात धुऊन मंडळी ओसरीवर टेकली, आणि पूर्वी जेथे पानसुपारीची चंची निघत असे तेथे खिशाखिशांतून गोळ्यांच्या डब्या निघाल्या. एका गृहस्थांनी शेजाऱ्यांची पट्टी चष्म्याजवळ धरून वाचली, "अहो, ही कोलेस्टेरॉलचीच की! माझी आज घरी राहिली," असे म्हणून त्यातील एक गोळी घेतली आणि पाण्याचा घोट घेऊन मोकळे झाले. मिलिग्रॅम किती, हे दोघांपैकी एकानेही पाहिले नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. चाळीस वर्षे औषधांच्या दुकानात चिठ्ठ्या वाचण्यात आणि पुड्या बांधण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु कोणत्या दोन गोळ्या एका पोटात गेल्या असता डॉक्टरांच्या कानावर घालणे अगत्याचे असते, एवढे मात्र आम्ही सांगू शकतो, आणि ते का सांगतो हेही पुढे ओघाने येईलच.

ज्या गोळ्यांविषयी बोलावयाचे त्यांस एकत्रितपणे स्टॅटिन म्हणतात. सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही त्यांतील नेहमीची नावे. आपल्या यकृतात कोलेस्टेरॉल तयार होते, त्या कामात ही औषधे अडथळा आणतात. जपानचे शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीतून या जातीचे पहिले द्रव्य शोधून काढले. १९८७ साली लोव्हास्टॅटिन या नावाने पहिले औषध अमेरिकेत विक्रीस आले. स्कँडिनेव्हियातील ४४४४ हृदयरोग्यांवर सिमव्हास्टॅटिनची जी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे ही गोळी उपकारकर्ती आहे. आम्ही स्वतः ती अकरा वर्षे घेत आहोत. आमचे भाषण ऐकून घरी गेल्यावर कोणी डबी केराच्या टोपलीत टाकली, तर आमच्या बोलण्याचा उपयोग होण्याऐवजी अपायच झाला असे आम्ही समजू.

आता प्रश्न असा की, पोटात गेलेली गोळी शरीरातून बाहेर कशी पडते? घरात पाणी येते आणि मोरीवाटे जाते, तसेच औषधाचे आहे. यकृतात व आतड्यांच्या अस्तरात काही विकरे, ज्यांस इंग्रजीत एन्झाइम म्हणतात, ती औषध मोडून त्याचा निचरा करतात. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि बऱ्याच अंशी ॲटोरव्हास्टॅटिन यांचा निचरा एकाच मोरीने होतो. त्या मोरीच्या तोंडाशी दुसऱ्या एखाद्या औषधाने बोळा बसवला, की पाणी घरात चढू लागते. गोळी रोजचीच, मात्रा तीच. परंतु रक्तातील तिचे प्रमाण कैक पटींनी वाढते. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचे प्रतिजैविक खोकल्यावर व घशाच्या सुजेवर नेहमी देतात. त्याच्या संगतीने सिमव्हास्टॅटिन रक्तात सुमारे दसपट वाढते, ॲटोरव्हास्टॅटिन चौपटीहून अधिक. असे वाढलेले औषध प्रथम स्नायूंवर उलटते. स्नायू दुखतात, दुबळे होतात, आणि क्वचित प्रसंगी त्यांच्या पेशी फुटून आतील द्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांत जाऊन बसते. ऱ्हॅब्डोमायोलिसिस असे त्या विकाराचे नाव. ते नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. आम्हांस मात्र ते विसरता येत नाही.

२००६ सालच्या श्रावणातील गोष्ट. आमच्या थोरल्या भगिनी, आमच्या अक्का, यांचे यजमान त्या वेळी अडुसष्ट वर्षांचे होते. हृदयाच्या डॉक्टरांनी त्यांस सिमव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅमची गोळी व रक्तदाबासाठी डिल्टियाझेम दिलेले होते. पावसाळ्यात छाती भरली म्हणून भाऊजी घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारले, "आणखी काही औषधे चालू आहेत?" भाऊजी म्हणाले, "विशेष काही नाही." रोज घेऊन घेऊन ती गोळी त्यांच्या लेखी औषध राहिलीच नव्हती, ती चहासारखी झाली होती. डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन सात दिवसांसाठी लिहून दिले, आणि भाऊजी ती चिठ्ठी घेऊन अर्थातच आमच्या दुकानी आले.

सज्जनहो, येथे आमची जबानी आहे. दर महिन्यास त्यांची सिमव्हास्टॅटिन आमच्याच दुकानातून जात असे. तिच्या खोक्यातील पत्रकात या दोहोंच्या संगतीविषयीची सूचना त्या काळीही छापलेली होती. दुकानात गर्दी होती, भाऊजींनी अक्काच्या हातचे लोणचे आणले होते, आम्ही लोणच्याची बरणी घेतली, गोळ्यांची पट्टी दिली, वर "आता लवकर बरे व्हा" असे म्हटले. दुसऱ्या कोणी चूक केली असती तर आम्ही ती चारचौघांत सांगितली असती. म्हणून स्वतःचीही सांगतो.

पाचव्या दिवशी भाऊजींच्या मांड्या दुखू लागल्या. तापाचा अशक्तपणा असेल, असे घरच्यांनी मानले. अक्काने तेल गरम करून चोळले. सातव्या दिवशी त्यांस कमोडवरून उठता येईना, आणि संध्याकाळी अक्काचा दूरध्वनी आला, "अरे, यांची लघवी काळ्या चहासारखी होते आहे. कावीळ तर नसेल?" तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. रुग्णालयात रक्त तपासले. स्नायूंची झीज दाखवणारे सीपीके नावाचे प्रमाण एरवी दोनशेच्या आत-बाहेर असते. त्यांचे चाळीस हजारांवर गेले होते. मूत्रपिंडे थकली होती. तीन वेळा डायलिसिस करावे लागले. भाऊजी वाचले, पुढे नऊ वर्षे जगले, आणि त्या नऊ वर्षांत एकदाही त्यांनी आम्हांस त्याबद्दल शब्द लावला नाही. अक्काने एकदाच विचारले, "तुला ठाऊक होते का रे?" आम्ही म्हणालो, "ठाऊक होते, आठवले नाही."

असा प्रकार विरळा घडतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हजारो लोक वर्षानुवर्षे स्टॅटिन घेऊन सुखरूप आहेत. परंतु वय अधिक, मूत्रपिंडे दुबळी, थायरॉइड मंद, मात्रा मोठी आणि वर मोरीला बोळा, अशी कारणे एकत्र आली की विरळा प्रकार आपल्या दारी येतो. भाऊजींच्या बाबतीत बोळे दोन होते, कारण डिल्टियाझेमही त्याच मोरीत अडकते. २०११ साली अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घेणाऱ्यांस सिमव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमहून अधिक देऊ नये, आणि अम्लोडिपिन घेणाऱ्यांस २० हून अधिक नको, असे ठरवले. अम्लोडिपिन आपल्या समाजातील किती घरांत आहे, हे येथे हात वर करावयास सांगितले तर कळेल. हृदयाचे ठोके सावरणाऱ्या अमिओडॅरोनलाही ही वीसचीच मर्यादा आहे.

एरिथ्रोमायसिन हे क्लॅरिथ्रोमायसिनचेच भावंड होय. अझिथ्रोमायसिन मात्र त्याच कुळातील असून या बाबतीत बरेच निरुपद्रवी आहे. अलीकडे अधिक भय वाटते ते नायट्यावरील इट्राकोनाझोलचे. नायटा हटेनासा झाला आहे, आणि लोक डॉक्टरांस न विचारता महिना-महिना ही कॅप्सूल गिळतात. त्वचेचा विकार, त्याचा हृदयाच्या गोळीशी काय संबंध, असे त्यांस वाटते. सिमव्हास्टॅटिनबरोबर ती मुळीच चालत नाही. ॲटोरव्हास्टॅटिनबरोबर द्यावयाची तर मात्रा आवरावी लागते. गाऊटने अंगठा सुजला म्हणून जे कोल्चिसिन घेतात, त्यांनीही स्नायूंच्या दुखण्याकडे लक्ष ठेवावे. अवयवरोपण झालेल्यांचे सायक्लोस्पोरिन तर जवळजवळ सर्वच स्टॅटिनांस वाढवते.

ट्रायग्लिसराइड उतरवणारे जेमफायब्रोझिल या प्रकरणात सर्वांत अधिक बदनाम झाले. सेरिव्हास्टॅटिन नावाची एक गोळी २००१ च्या ऑगस्टमध्ये बाजारातून मागे घेण्यात आली. तोवर एकट्या अमेरिकेत तिच्यामुळे स्नायू विघटित होऊन ३१ मृत्यू झाल्याची नोंद झाली होती, आणि त्यांतील १२ जण जेमफायब्रोझिलही घेत होते. दोन्ही औषधे चरबी कमी करणारी, दोन्ही हेतूने चांगली. आज अशी जोडी द्यावयाची तर डॉक्टर सहसा फेनोफायब्रेट निवडतात.

कधी गोष्ट उलटही घडते. क्षयावरील रिफाम्पिसिन मोरी अधिकच रुंद करते आणि स्टॅटिन काम करण्यापूर्वीच वाहून जाते. पित्तासाठी घेतले जाणारे ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पांढरे पातळ औषध रोसुवास्टॅटिनबरोबरच घेतले, तर तिचा निम्मा अंश वाया जातो. ते दोन तासांनी घ्यावे. आणि ज्यांचे रक्त वॉरफरिनने पातळ ठेवलेले आहे, त्यांनी स्टॅटिन सुरू करताना किंवा मात्रा बदलताना आयएनआर तपासून घ्यावा, कारण रक्त अपेक्षेहून अधिक पातळ होण्याचा संभव असतो.

आता भगिनींच्या प्रांतात शिरतो. फळांपैकी ग्रेपफ्रूट ही मोरी तुंबवते, हा शोध १९८९ साली कॅनडात अनपेक्षितपणे लागला. मद्याची चव लपवण्यासाठी प्रयोगात त्याचा रस वापरला होता. ते फळ आपल्याकडे फारसे खात नाहीत. परंतु त्याचा थोरला भाऊ पपनस गणपतीपुढे असतो, आणि त्यातही तसलीच द्रव्ये आहेत. प्रसादाची एखादी फोड खाल्ल्याने आकाश कोसळत नाही. मात्र सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्याने कोकणातून आलेली पोतीभर पपनसे रोज सोलून संपवू नयेत. मोसंबी-संत्र्यांस ही बाधा नाही.

आणि गुग्गुळ. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी १९६६ साली प्राचीन ग्रंथातील मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळावर संशोधन केले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र त्याने कोलेस्टेरॉल उतरलेले दिसले नाही. यावर वाद घालण्यास आम्ही उभे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, काढा, चूर्ण, गुटी यांस "ते काही औषध नव्हे" असे म्हणून डॉक्टरांपासून लपवू नये. भाऊजींचे "विशेष काही नाही" हेच वाक्य निरनिराळ्या रूपांत आम्ही आयुष्यभर ऐकले आहे.

मांड्या, दंड, पाठ यांत कारण नसताना दोन्ही बाजूंस दुखू लागले, जिना चढवेना, किंवा लघवीचा रंग काळसर झाला, तर तेल चोळीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. थोडे दिवसांचे प्रतिजैविक असेल तर ते कधी स्टॅटिन तेवढे दिवस थांबवावयास सांगतात, कधी दुसरे प्रतिजैविक देतात. ते त्यांनी ठरवावे. आपण मनाने बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करण्याचे राहून जाते, आणि झटका आला म्हणजे आठवते.

भाऊजी रुग्णालयातून घरी आले त्या आठवड्यात अक्काने वहीच्या पानावर त्यांच्या साऱ्या गोळ्यांची नावे, मात्रा आणि वेळा लिहिल्या. खाली गुडघ्याचे तेल आणि सकाळचा काढाही लिहिला. ते पान ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घालत असे. धोब्याकडे जाऊन ते तीनदा धुतले गेले, तीनदा तिने नव्याने लिहिले.

चिटणीसांनी तशाच आकाराचे कोरे कागद छापून प्रवेशद्वाराशी ठेवले आहेत. पंगत उठल्यावर आम्ही मागील खोलीत चार वाजेपर्यंत बसणार आहोत. आपापल्या डब्या, पुड्या, बाटल्या, जे असेल ते घेऊन यावे. चष्मा विसरू नये. ज्या गृहस्थांनी गेल्या वर्षी शेजाऱ्यांची गोळी घेतली, त्यांस पहिला क्रमांक राखून ठेवला आहे.