आठवड्याचा आहार, आवाक्यातला खर्च

गोंदिया जिल्ह्यातील नागरा हे गाव भातपट्ट्यात येत असल्याने येथील घरगुती आहाराचे नियोजन तांदळापासून सुरू होते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्य मिळते. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाच्या वाट्याला आठवड्याला सुमारे पावणेसहा किलो येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 2000 किलोकॅलरींच्या आहारासाठी दररोज 250 ग्रॅम तृणधान्ये, 85 ग्रॅम डाळी आणि 400 ग्रॅम भाज्या सुचविल्या आहेत. या हिशेबाने पाच प्रौढांना आठवड्याला पावणेनऊ किलो धान्य आणि सुमारे तीन किलो डाळी लागतात, म्हणून धान्यावरील खर्चात जी बचत होते ती प्रथम डाळींकडे वळविणे हिताचे ठरते.

यामागील कारण असे की, तांदळात लायसिन, म्हणजे शरीराला स्वतः तयार करता न येणारे एक अमिनो आम्ल, कमी असते आणि डाळी ती उणीव भरून काढतात. तूर, मूग, चणा आणि वाल आलटून-पालटून शिजविल्यास चव बदलते, शिवाय एकाच डाळीच्या भाववाढीचा भार टळतो. आठवडी बाजारातून हंगामी भाज्या घेताना नाशवंत पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत आणि भोपळा, कांदे, बटाटे यांसारख्या टिकाऊ भाज्या नंतर वापरल्यास नासाडी घटते, तर परसातील शेवग्याचा पाला जवळजवळ विनाखर्च पोषण पुरवितो.